फुफी, तो हिरवा रंग मी काढला

प्रिय फुफी,

अस्सलामु अलैकुम.

मी दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसले आहे. आत खैरुन चाची आहे. माझ्या पर्समध्ये तिच्या हातातल्या चुड्या आहेत, तुझ्या दुकानातल्या, तू स्वतः तिला घातलेल्या. अब्बा दर जुम्म्याला कब्रस्तानात येऊन आपल्या बहिणीसाठी, तुझ्यासाठी, फातिहा पढतात. आम्हा बायकांना तिथे यायची सोय नाही, म्हणून मोबाइलवरच लिहिते. सोय असती ना, तर आज तिथे येऊन तुझ्याशी कडाकडा भांडले असते!

आधी माझ्या कामाचं सांगते. तू गेल्यावर मी नागपूरची नोकरी सोडली आणि भंडाऱ्याला घरी बसून स्वतःचं एक अ‍ॅप बनवायला घेतलं. पाळीचं अ‍ॅप. हसू नको! बाजारात पाळीची अ‍ॅप खंडीभर पडली आहेत. पण आज नमाज पढायची की माफ आहे, रोजा धरायचा की नंतर भरून काढायचा, हे एक तरी सांगतं का? आपल्या बायका त्यासाठी कोणाकडे जातात? मौलानांना विचारायची लाज. बापाभावासमोर तर नावच नको.

तुझ्याकडे यायच्या. तुला वाटायचं, मी कोपऱ्यात गृहपाठ करते आहे. मी सगळं ऐकायची! पोरगी समोर बसली की तू तिचा पंजा दाबून दाबून नरम करायचीस, चुडी सरकवायचीस. तेवढ्यात ती खाली मान घालून पुटपुटायची, "फुफी, अजून बंद नाही झालं. नमाज पढू काय?" तू चुडीवरची नजरही काढायची नाहीस. "दहा दिवसांच्या वर गेलं ना बेटा, मग ते हैज नाही, पाळी नाही. तो इस्तिहाजा. बीमारीचं खून आहे. नहा, दर नमाजेला हात-तोंड-पाय धुऊन ताजा वुजू कर आणि पढ. अल्लाने मनाई नाही केली." पोरीचा चेहरा असा खुलायचा की विचारू नको. येताना रडवेली, जाताना चुड्या वाजवत.

तेच मला मोबाइलमध्ये आणायचं होतं. नागपूरच्या एक आलिमा बाजी मिळाल्या, धर्माचं फार शिकलेल्या आणि तितक्याच प्रेमळ. एकेक मसला, नमाज-रोजाचा एकेक नियम, त्यांनी तपासून दिला. पाळीचे दिवस मी गुलाबी केले, पाकीचे हिरवे. आता इस्तिहाजाला कोणता रंग द्यायचा? नमाज फर्ज आहे, रोजाही चालतो, मग अडलं कुठे? दिला हिरवा! वर बरोबरची खूण, खाली तुझंच वाक्य: "नहा, वुजू कर आणि पढ. अल्लाने मनाई नाही केली." त्यातला 'बीमारीचं खून' एवढा तुकडा मी गाळला. म्हटलं, पडदा लहान, पोरी उगाच घाबरतील. इतकं गोड दिसत होतं ते पान! मी अम्मीला तीनदा दाखवलं.

मग मोहल्ल्यातल्या बायकांना वापरून बघायला दिलं. तुझ्या जिवाच्या मैत्रिणीला, खैरुन चाचीला, तिच्या सुनेने ते घालून दिलं. आणि एका दुपारी चाची सुपारी कातरत आमच्या ओट्यावर येऊन टेकली. तिचं माहेर आसगाव, धानाच्या रोवण्याच्या बायकांत वाढलेली, इतकी वर्षं झाली तरी तोंडातली तिकडची बोली काही जात नाही.

"रुबी, तुया मोबाइलनं माह्या जीवात जीव आला वं!"

"काय झालं चाची?"

"काही नाही. मैना झाला, लागूनच आहे. मले वाटलं, गेली आता माही नमाज. पण हा तर हिरवा दाखवून राहिला. हिरवा म्हणजे सब ठीक!"

मी चहाची बशी खाली ठेवली. "चाची, तुझी पाळी तर कधीचीच गेली होती ना?"

"गेली होती, आली वापस. त्यात काय! तुया फुफीचं बी असंच होतं. तीन-चार साल होतं. गेली काय ती कधी दवाखान्यात? मले म्हणे, खैरुन, नमाज माफ नाही म्हणजे मी पाक आहो. मंग कायची बीमारी?"

तीन-चार साल! फुफी!

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. चाची तेच म्हणाली, वर सुपारीची खांड तोंडात टाकली. तुझ्या पिशवीचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी माझ्यासमोर विचारलं होतं, त्रास कधीपासून आहे? तू काय म्हणालीस? "बस, ईदपासून." ईदपासून! आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला. अब्बा आजही लोकांना सांगतात, माझ्या बहिणीला बीमारीने अचानक गाठलं.

आणि तुझा तो वुजू! दुपारच्या जोहर नमाजेचा वुजू तुला अस्रच्या नमाजेला चालायचा नाही, अस्रचा मगरिबला चालायचा नाही. कडाक्याच्या थंडीतही तू उठून नळाखाली बसायचीस. आम्ही काय म्हणायचो, आठवतं? फुफी किती परहेजगार, किती धार्मिक! अम्मी तर तुझं उदाहरण मला द्यायची. अगं, इस्तिहाजावालीने प्रत्येक नमाजेच्या वक्ताला नवा वुजू करायचा, हा नियम मी स्वतः त्या अ‍ॅपमध्ये घातला होता. माझ्या बोटांनी! तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. तुझे काळेच कुर्ते, दुपारी दुकानात बसल्या बसल्या लागणारी डुलकी, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि कोणालाच दिसलं नाही.

काहून गं फुफी? काहून सांगितलं नाहीस? दुनियेच्या पोरींना 'बीमारीचं खून' म्हणून तूच सांगायचीस ना? मग स्वतःच्या वेळी तो शब्द कुठे गेला? मला इतका राग आला तुझा की मी ओट्यावरच रडायला लागले. चाची बिचारी घाबरली. तिला वाटलं, मोबाइल बिघडला.

"चाची, उठ. डॉक्टरकडे जायचं."

"कायले? पोट दुखत नाही, पाठ दुखत नाही. नमाज होऊन राहिली ना माही!"

काही केल्या ऐकेना. मोबाइल हिरवा म्हणतो, तुझी फुफी असं म्हणायची, तू काय आमच्यापेक्षा शहाणी? मी डोक्याला हात लावला. माझंच अ‍ॅप माझ्या तोंडावर मारत होती ती! शेवटी आलिमा बाजींना फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "या अल्लाह." आणि चाचीला समजावलं, "चाची, हा मसला नमाजेचा आहे, तबियतीचा नाही. नमाज तर तापातही माफ नाही. म्हणून ताप उतरला असं समजतं काय कोणी?"

चाचीने सुपारी कातरायचं थांबवलं. विचार केला. "तापात बी नमाज हायेच, हे तर खरं," म्हणाली. मग उठली, ओढणी सारखी केली आणि मलाच दटावलं, "चाल मंग! पण डॉक्टर बाईमाणूस पाहिजे, सांगून ठेवतो!"

डॉक्टर बाईमाणूसच होत्या. त्या म्हणाल्या, पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी यायचं असतं. तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला. त्याचा निकाल येईपर्यंत आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. निकाल वाईटच आला, फुफी. तुला झालं होतं तेच. पण डॉक्टर म्हणाल्या, वेळेत आलात, पिशवी काढू, आशा आहे. वेळेत! हा शब्द ऐकला आणि मला एकदम तुझा चेहरा आठवला. मला आनंद व्हायला पाहिजे होता, मी मात्र तिथल्या संडासात जाऊन तोंड दाबून रडले.

आज सकाळी नर्स म्हणाली, हातातल्या चुड्या काढा, निघत नसतील तर फोडा. चाची केवढ्याने ओरडली! तू गेल्यापासून तिने चुड्या बदललेल्याच नाहीत. दुसऱ्या कोणाच्या हातून घालून घ्यायच्या नाहीत म्हणते. मी नर्सकडून साबण मागितला. चाचीचा पंजा हातात घेतला आणि तू दाबायचीस तसा दाबत बसले, अंगठा आत दुमडून, हळूहळू. सगळ्या निघाल्या. एकही ठंडी झाली नाही. हो, 'ठंडी झाली'च लिहिते. चुडीला 'फुटली' म्हटलेलं तुला कधी खपलं नाही.

तिचा हात धरला होता तेव्हा मनात आलं, दुकानात इतक्या बायकांचे हात तू धरलेस, तुझा कोणी धरला? तुला मसला माहीत होता, म्हणून तुला कोणी काही विचारलंच नाही. मी पण नाही विचारलं.

तो हिरवा रंग मी काढला, फुफी. त्याच रात्री काढला. आता तिथे केशरी रंग आहे, बरोबरची खूण नाही, आणि तुझं वाक्य पूर्ण आहे. पहिली ओळ: हे बीमारीचं खून आहे. दुसरी: नमाज पढा. तिसरी: डॉक्टरला दाखवा. तिन्ही ओळी सारख्याच मोठ्या. आलिमा बाजींनी वाचलं आणि म्हणाल्या, इलाज करणं हीसुद्धा पैगंबरांची सुन्नतच, त्यांचीच शिकवण आहे, हे आधीच लिहायला हवं होतं आपण.

चाची अजून आतच आहे. सून तसबीहचे मणी फिरवते आहे, मी सारखी दाराकडे बघते. आत जाताना चाची मला म्हणाली, "चुड्या सांभाळजो, फुफीच्या आहेत."

सांभाळते आहे. आणि तुला जबान देते, फुफी, चाची बरी झाली की या चुड्या मी माझ्या हाताने तिच्या हातात घालीन. दुकानाचं कुलूपही उघडीन. पोरी येतील, पंजा पुढे करतील, खाली मान घालून नमाजेचं विचारतील. मी सांगीन, सगळं नीट सांगीन. पण आधी त्यांना विचारीन, तबियत कशी आहे बेटा? जे तुला कोणी विचारलं नाही, ते.

तुझ्यावर खूप रागावलेली, तुझीच,
रुबी