तांब्याभर उकळलेलं पाणी

मंगळवार, श्रावण शुद्ध षष्ठी. दिवेलागण.

पूर ओसरून आठ दिवस झाले. पाण्यात टाकायच्या गोळ्या पहिल्याच दिवशी संपल्या, म्हणून गडमुडशिंगीत दारोदार एकच सांगत हिंडते, पाणी उकळून प्या. घसा बसला माझा. आज हुसेनबी चाचीनं झाकलेला तांब्या पुढं केला. "घ्या नर्सबाई, उकळल्यालं हाय. तुमी सांगितलं तसंच की." इतकं बरं वाटलं! घटाघटा प्याले. तेवढ्यात तिची नात आली आणि रांजणातलं गढूळ पाणी बुडवून पिऊ लागली.

मी भडकलेच. "चाची, पोरीला जुलाब लागले म्हणजे?"

चाची म्हणाली, "समदं जळण भिजलंय, बाई. वाळल्यालं एका तांब्यापुरतंच हुतं. मग ते पाणी पावण्याला द्यायचं का घरातल्यास्नी?"

तो तांब्या माझ्यासाठी तापवला होता, आणि मी तो रिकामा करून वर तिलाच शहाणपण शिकवत होते. अजून चिडचिड होतेय, पण चाचीवर नाही. निघताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, "उद्या बी या."

तो तांब्या डोळ्यांपुढून हलत नाही. आठ दिवस उकळा उकळा म्हणाले, कशावर उकळणार हे एकदा तरी विचारलं का?

बंबासाठी ठेवलेल्या दोन पाट्या वाळक्या शेण्या आहेत घरात. उद्या सायकलला बांधून नेते. अंघोळ गार पाण्यानं होईल. पाहुणी म्हणून रिकाम्या हातानं फार दिवस गेले मी.