होन्नव्वाचं पहिलं वचन

कल्याण

अव्वा, तुझ्या पायांवर डोकं ठेवून तुझी होन्नव्वा सांगते, मी सुखात आहे. हे पत्र आणणारे जंगमस्वामी तुला वाचून दाखवतील. त्यांना गरम भाकरी वाढ.

काल मी शिवभक्त शरणांच्या सभेत माझं पहिलं वचन, म्हणजे आपल्याच बोलीत शिवावर रचलेलं छोटं कवन, म्हटलं. एका म्हाताऱ्या पंडितांनी विचारलं, "चामडं कमावणाऱ्याच्या पोरीला शिव कुठं गं भेटला?"

मी म्हणाले, "चामडं धुताना, अण्णा. त्या वासाकडे तुम्ही कधी फिरकला नाहीत, शिव मात्र रोज येतो."

सभा हसली, तेही हसले. मग त्यांनीच माझं वचन ताडपत्रावर उतरवलं.

हल्ली राजाचे शिपाई शरणांच्या घरांभोवती जरा जास्त फिरतात, एवढंच. अप्पांना मात्र इतक्यात इकडे पाठवू नकोस. त्यांचा खोकला कसा आहे?

वचनाच्या शेवटी देवाचं नाव घालतात. मी आपल्या बेळ्ळेश्वराचं घातलं. जन्मभर आपण त्याला देवळाबाहेर, रस्त्यावरूनच हात जोडले. आता तो इष्टलिंग होऊन माझ्या गळ्यात आहे आणि माझ्या वचनातही.

तुझी लेक,
होन्नव्वा