बिजलीचं माप

रविवार, २ नोव्हेंबर

चौऱ्याहत्तर इंच! माझा टेप साठाचा, म्हणून दोन टेप पिनेनं जोडले, घोडीच्या छातीभोवती फिरवले — चौऱ्याहत्तर! वीस वर्षं शिलाई करतेय, सिहोऱ्यातल्या निम्म्या बायकांची मापं ह्या रजिस्टरात आहेत. असलं माप कधी लिहिलं नव्हतं. मागची पानं कोरीच होती, आता इथेच लिहीन. कुणाकुणावर ओरडण्यापेक्षा वहीत ओरडलेलं बरं.

डॉक्टर प्रतिक्षा सकाळी येऊन गेल्या. बिजली कालपासून पुढचे पाय टाकायलाच तयार नाही. डॉक्टरांनी माझा हात धरून तिच्या खुरावर ठेवला. केवढं गरम! म्हणाल्या, "वय एकवीस आणि अंगावर चरबी एवढी! सगळा भार खुरांवर येतोय. वजन उतरलं नाही तर एक दिवस बसेल ती, आणि परत उठणार नाही."

दाणा बंद. कोंढा बंद. गूळ तर बंदच. पण उपाशीही ठेवायचं नाही, तेही तिला बाधतं. गवत मोजून, तासभर पाण्यात भिजवून द्यायचं. तोंडाला मुसकं, मळणीच्या बैलाला बांधतात तसं. आणि दर रविवारी माप. "टेप तर तुमच्या गळ्यातच असतो," म्हणाल्या.

उन्हाळ्यात बरी होती ही. पावसाळ्यात एवढी सुटली कशी, कोण जाणे!

हे म्हणाले, "घोडी भरलेली असली का नवरदेव शोभते." शोभते! तीन वर्षांत एक वरात नाही केली तिनं. नाव बिजली, आणि गोठ्यातून अंगणात यायला अर्धा तास.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मुसकं बघून आई रडल्या. म्हणजे माझ्या सासूबाई. "मुक्या जनावराचं तोंड बांधून राहिली व तू?"

मामंजींनी बिजलीला आणलं तेव्हा ती वर्षाची होती. आईंनीच वाढवलं. अजूनही आईंची हाक ऐकली की कान टवकारते. गवत मी भिजवते, लीद मी काढते, खुरांवर ओलं पोतं मी बांधते — आणि मला बघितलं की पाठ फिरवते!

बुधवार, ५ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं आटोपली. म्हणजे आमच्या दारात गूळ-चण्याची रांग! गावचा नेमच आहे — ज्याच्या घरचा नवरदेव बिजलीवर बसला, त्या घरानं तिला ह्या दिवसांत गोड चारायचं. अर्ध्या गावाचे संसार तिच्याच पाठीवरून सुरू झालेत. नाही म्हटलं की अपशकुन!

शेजारची रुखमा तर भांडायलाच उठली. "माह्या पोराले दोन लेकरं झाली तिच्या पावलानं. तिले गुळाचा खडा नाई देऊ?"

म्हटलं, "मग तिचे पाय गेले का तू उचलून फिरवजो!"

फाटकाला खाट आडवी लावली. तरी दोघी वरून हात घालून देऊन गेल्याच.

रविवार, ९ नोव्हेंबर

चौऱ्याहत्तर. सूतभर हलली नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

साडेचौऱ्याहत्तर!! मुसकं बांधून, गवत मोजून, सगळ्या गावाशी वाईटपणा घेऊन — वाढली! टेप आपटला मी. हे हसले. ह्यांच्याशी दोन दिवस बोलणार नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चोरी सापडली, चोर नाही. मुसक्याच्या जाळीत भाताची शितं! वरणानं पिवळी झालेली! कुणीतरी मुसकं सोडून घोडीला वरण-भात चारतंय आणि परत बांधून ठेवतंय!

सरळ रुखमाच्या दारात गेले. तीही कमी नाही. "गूळ देल्ला तं तुह्या तोंडावर सांगून देल्ला. भात कायले चारू मी घोडीले? येडी झाली का व तू?"

सगळी गल्ली बघत होती. आता आठ दिवस बोलणं बंद. हरकत नाही. घोडी जगली पाहिजे. रोज सकाळी चहाच्याही आधी तिच्या खुरांना हात लावून येते, हे कुणाला सांगायचं?

गुरुवार, २० नोव्हेंबर

अकरा ब्लाउज पडलेत लग्नांचे, आणि आई स्वतःचा जुना ब्लाउज घेऊन आल्या. "खांद्यावरून उतरून राहिला, जरा आत घेतेस का?" म्हटलं, "आई, धुवून धुवून कापड सैल पडलंय. हंगाम संपू द्या." मशीनखालच्या डब्यात टाकला.

मला का असल्या वेळी सगळ्यांची कामं आठवतात!

शनिवार, २२ नोव्हेंबर

चोर घरातलाच!!

आई हल्ली ताट घेऊन परसात जातात. उन्हात जेवायला बरं वाटतं म्हणे. आज बटणं आणायला निघाले होते, पिशवी विसरले म्हणून परतले. बघते तर आई गोठ्यात. मुसकं खुंटीला, आणि भरलेलं ताट बिजलीच्या तोंडापुढे! वरण, भात, वर तूप!

माझा तोल गेला. "आई, तुमच्या मायेनंच मरेल ती!" हेसुद्धा मी बोलून गेले. "डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकलं होतं ना?"

खाली बघून म्हणाल्या, "मले भूक नाई राहत. तिले राहते."

"मग कमी वाढून घ्या! उद्यापासून माझ्यासमोर जेवायचं."

रुखमाची माफी मागावी लागणार. त्याहून मोठी शिक्षा कोणती!

बुधवार, २६ नोव्हेंबर

आईंचा रुसवा सुरू. माझ्यासमोर बसतात, पण भाताला हात लावत नाहीत. पोळीचा तुकडा चहात बुडवून तासभर चघळतात. मध्येच ठसका काढतात. मला दाखवायला! मीही बघितलं न बघितलं करते. दोघींत कोण जास्त हट्टी ते कळेलच.

रविवार, ३० नोव्हेंबर

चौऱ्याहत्तर. अर्धा इंच उतरली! खुरंही गार.

रविवार, ७ डिसेंबर

त्र्याहत्तर!! बिजली आज आपणहून फाटकापर्यंत चालत गेली. डॉक्टर म्हणाल्या, "वाचवलंत तुम्ही तिला." रुखमानं ऐकलं, तिलाही हसू आलं. मी वाटीभर खीर केली. आईंनी दोन चमचे घेतले आणि वाटी ठेवली. अजून राग गेला नाही वाटतं. एवढा राग!

रविवार, १४ डिसेंबर

साडेबाहत्तर.

लग्नाचे ब्लाउज संपले, म्हणून आईंचा तो डब्यातून काढला. रजिस्टरात त्यांचं मागच्या वर्षीचं माप होतं — छाती अडतीस. तरी म्हटलं एकदा बघून घेऊ. टेप फिरवला. एकतीस.

परत घेतलं. एकतीसच.

"आई, कवापासून?"

"राखीपासून. घशाखाली घासच नाई उतरत, बाई. पाणी, चहा, तेवढंच जाते. तू घाबरशील म्हणून नाई सांगितलं. अन् भरलेलं ताट टाकवे ना."

सात रविवार ओसरीत बसलेल्या आईंच्या समोरून मी टेप घेऊन गोठ्यात गेले. एकदाही थांबले नाही.

उद्या पहिल्या गाडीनं आईंना भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेतेय. बिजलीचं गवत रुखमा भिजवेल.