चौक्याचा घाट आणि लाल फिल्टर

३ मार्च, फुलंब्री
ह्यांनी आज आणखी एक पार्सल फोडलं. लाल, जाळीचा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर. ऑनलाइन, स्वस्तातला. कंपनीचा काळा डबा काढून हा बसवला की इंजिनाला मोकळी हवा मिळते, पिकअप वाढतो म्हणे. मी शाळेतून आले तर बॉनेट उघडं, हे आत वाकलेले. चहा गार. बाळ गेल्यापासून हेच चाललंय.

६ मार्च
बसला. गाडी आता घों करते. शेजारच्या काकू घाबरून बाहेर आल्या तसे हे हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा. मीपण हसून घेतलं.

९ मार्च, रविवार
चौक्याच्या घाटात नेलं मला. मोबाइलवर वेळ लावायचं काम माझं. एकदा लाल फिल्टरवर, मग रस्त्याच्या कडेला थांबून जुना डबा लावून. त्या दिवशी दवाखान्यात जाताना ह्याच घाटात गाडी रडत चढत होती. मी मागच्या सीटवर आडवी. हे गाडीला सारखं, "चढ गं बाई, चढ."
वेळ दोन्हीला तेवढाच.
"तू बटण उशिरा दाबलं."
परत चढवली. तेवढाच.

११ मार्च
पडेगावला वाहिदभाईंकडं. गाडी नेहमी दुरुस्तीला त्यांच्याकडंच असते. म्हणाले, "भाभी, आवाज वाढला, ताकद नाय. उलट इंजिनाचीच गरम हवा ओढतीय."
हे लगेच, "मग पाइप लावून पुढून थंड हवा घेतो."
वाहिदभाईंनी बॉनेट लावलं. त्यांना सगळं माहितीय.

१५ मार्च
आज मी बोलले शेवटी. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, आपण घरून निघायच्या आधीच बाळाचे ठोके थांबले होते. "अहो, कुठलीही गाडी असती तरी..."
"आपल्याला बरं वाटावं म्हणून म्हणतात तसं."
उठून अंगणात गेले. पान्याचा आवाज.
फरक पडावा म्हणून ह्यांची एवढी धडपड. पण पडला तर? मग त्या दिवशी वेळेत पोचलो असतो असंच ठरणार. जन्मभर तेच उराशी. मी देवापुढं बसून मागते, गाडीत काही फरक पडू नको देऊ. असलं मागणं कुणाला सांगू?

२२ मार्च
पाइप लागला. सकाळीच घाट. हवा गार.
"आता हलकी वाटतीय ना?"
व्हय म्हणणं सोपं होतं. बायको आहे, म्हणून टाकावं.
"नाय वाटत. पहिल्यासारखीच चढतीय."
वर जाऊन ह्यांनी गाडी कडेला घेतली. स्टेअरिंगवर डोकं टेकून लई रडले. दवाखान्यातसुद्धा रडले नव्हते. ट्रक हॉर्न देत जात होते. मी पाठीवर हात ठेवला. ठेवू दिला.

२३ मार्च
दिवसभर गाडीकडं फिरकले नाहीत. पाइप मात्र काढला नाही. काढतील की अजून काही मागवतील, कळत नाही.
जेवताना एकदम म्हणाले, "तू तिला हातात घेतलं होतं. मी बघितलंच नाही गं. कशी होती?"
मी घास ताटात ठेवला.
"केस लई होते. काळेभोर. कपाळ तुमचं..."

"सांग अजून," म्हणाले.