शिवणाचा आठवडा

प्रिय घोरपडीस,

प्रिय लिहिलंय ते रीत म्हणून. डोकं माझं तापलेलंच आहे. तोंडावर बोलायला गेले की तू कानात ती बोंडं खुपसतेस, म्हणून कागद. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येईल.

काल दुपारी एक दाढीवाला दारात उभा. हातात तुझा तो कमरेचा रुंद पट्टा. म्हणे ताई आमच्या जिममध्ये विसरल्या. मी म्हटलं, हिच्या जिमचे सर तर टकले, हा कोण उपटला? तर हा पेट्रोलपंपामागच्या जिमचा. चार दिवस तू तिथे जातेस म्हणे, आणि रोज भलतं वजन उचलतेस. तुझ्या सरांनी माझ्यादेखत बजावलं होतं ना, सहा आठवडे जोर, सातव्यात नुसती रिकामी दांडी? तेव्हा नंदीबैलासारखी मान हलवलीस. त्यांच्या वहीत 'विश्रांती' लिहायचं आणि दुसरीकडे जाऊन मरमर मरायचं. वा गं सत्यवादी!

खांदा दुखतो तेही लपवतेस. मला मोतीबिंदू झालाय, आंधळी नाही झाले. एवढी वजनं उचलणारी बाई वरच्या फळीवरचा डबा पंचाहत्तरीच्या म्हातारीकडून उतरवून घेते, ते काय माझ्यावरच्या मायेने? खंड पडला की ताकद जाते म्हणतेस. ताकद म्हणजे काय भाडेकरू आहे, आठ दिवस ढिलं सोडलं की सामान उचलून चालती व्हायला?

मी गोदामात पोती उचलायचे, हे तुला ठाऊक आहे. आमच्यातही पाळी असायची. पाच आठवडे पोती, सहावा शिवणाचा. म्हणजे बसून नुसती पोत्यांची तोंडं दाभणाने शिवायची. मुकादम कजाग होता, पण ही पाळी त्याने कधी मोडली नाही. मोडली मी. मला शिवण म्हणजे म्हातारीचं काम वाटायचं. माझा आठवडा मी दुसरीला देऊन टाकायचे. सगळ्या म्हणायच्या, ही बाई नाही, क्रेन आहे. मिशा असत्या तर पीळच भरला असता. चार महिने अशी फुगून हिंडले. खांदा ठणकायला लागला तर रात्री तेल चोळायचे आणि सकाळी हसत जायचे.

तुझी मावशीआजी लंगडते, ती जिन्यावरून पडून नाही. ते आम्ही दोघींनी घरच्यांना सांगितलेलं खोटं. माझी ही धाकटी बहीण माझ्याच टोळीत होती. पोतं दोघींनी दोन टोकांना धरून तिसरीच्या पाठीवर द्यायचं. त्या दिवशी पाठ तिची होती आणि एक टोक माझ्या हातात. पोतं खांद्यापर्यंत आलं आणि माझ्या हातातलं बळच गेलं. अख्खं पोतं घसरून तिच्या गुडघ्यावर. खांदा दुखतोय, एवढं मी सकाळी म्हटलं असतं तर माझ्या जागी दुसरी कुणी उभी राहिली असती. बहिणीने मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्याचा राग मला अजून येतो. शिव्या घातल्या असत्या तर फिटलं तरी असतं.

आता मुद्द्याचं. आज सकाळी तो पट्टा घेऊन मी तुझ्या सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं, खांद्यासकट. वजन उचलायच्या स्पर्धेसाठी रविवारी जी निवड आहे, तिच्यातून त्यांनी तुझं नाव काढलं. पुढची निवड वर्षाने. या एका रविवारासाठी तू दोन वर्षं काय काय सोडलंस ते मी याच घरात बसून पाहिलंय, तेव्हा मला कळत नाही असं म्हणू नकोस. कळत असूनच गेले. माफी मागणार नाही. कामावरून येशील तेव्हा मी घरातच असेन. बोलायचं ते बोल, शिव्या घालायच्या तर घाल, पण गप्प बसू नकोस.

तुझीच,
आज तुला नकोशी झालेली आजी