पायमशीनची व्यवस्था आणि पपई-दुधी रंगाची कबुली

मी, एफ्राइन कोल्के युह्रा, वय वर्षे सत्तावीस, शिक्षण पाचवी (सहावीत तीन आठवडे), कायम राहणार एल आल्तो, बोलिव्हिया, हल्ली मुक्काम चिली देशाच्या वाळवंटातली तांब्याच्या खाणीची छावणी, खोली अकरा, खालचा पलंग, लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. सासूबाईंचं याबाबत मत वेगळं आहे, पण त्या इथे नाहीत. मी प्यालेलो नाही, छावणीत मिळतच नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. शेजारच्या पलंगावर औरेलियोकाका बसलेत, ते फक्त कायद्याचे शब्द पुरवतात. ते दोन वर्षं ओरुरोच्या एका नोटरीकडे झाडू मारायला होते, त्यामुळे 'सदर' आणि 'स्थावर-जंगम' त्यांना येतं.

मला मरायची घाई नाही. हा कागद करायचं कारण असं की काल, बुधवारी, माझी बायको निएवेस हिचा फोन आला.

"आई म्हणते, रविवारी बाजारात नेऊन मशीन विकून टाकू. बसणारा गेला, आता मशीन काय पूजायचं?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, त्याला विचारते."

"मग विचार."

"विचारतेय ना. येणार आहेस का?"

मी "बघू" म्हणालो. तिने फोन ठेवला. 'बघू' या शब्दाबद्दल मी या कागदात पुढे काही म्हणणार नाही, तिने जे म्हणायचं ते फोन ठेवून म्हटलं.

औरेलियोकाकांना सांगितलं तर ते म्हणाले, "पोरा, कागद कर. एकदा वस्तू मृत्युपत्रावर चढली की तिला कोणी हात लावू शकत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका बाईला स्वतःच्या नवऱ्याची सायकल विकता आली नाही." म्हणून हा कागद. उद्याच्या ट्रकने तो एल आल्तोला जाईल आणि रविवारच्या आत सासूबाईंच्या हातात पडेल, असा हिशेब आहे.

कलम पहिलं, घर. घर माझं नाही. घर, अंगण, जिना आणि जिन्याखालची कोंबडी हे सगळं सासूबाई दोन्या (म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब) सातुर्निना यांचं आहे, आणि हे त्या कोणाला विसरू देत नाहीत. मात्र वरच्या खोलीत पूर्वेची खिडकी मी स्वतः भिंत फोडून काढली, कारण काळ्या कापडावर काळी टीप मारायला उजेड लागतो. भिंत त्यांची असली तरी भोक माझं आहे. सदर भोक मी निएवेसला देतो.

कलम दुसरं, पायमशीन. हेच मुख्य. लोखंडी, काळं, उजव्या बाजूचा सोनेरी रंग उडालेला. तो माझ्या कोपराने उडाला आणि त्याचा मला अभिमान आहे. मी आजवर मिनीबसच्या दारात लटकून थांब्यांची नावं ओरडलो, विटा पाडल्या, पाव भाजले, एका लग्नाच्या वाजंत्रीत झांजा वाजवल्या. कुठेही माझं बूड चार महिन्यांवर टिकलं नाही. या मशीनवर ते सहा वर्षं टिकलं. याचं श्रेय मी घेत नाही. पाठीवरच्या फडक्यात एक पोर बांधलेलं, पायाशी दुसरं, मांडीला तिसरं टेकलेलं, असा माणूस उठून जाणार कुठे?

निएवेस पहाटे गाडीवर आपी, म्हणजे जांभळ्या मक्याची गरम गोड पेज, विकायला जाते ती दुपारी येते. तोवर पोरं माझी आणि शिलाईही माझी. घड्याळ मी कधी पाहिलं नाही. माझी मापं वेगळी होती. एक बाही म्हणजे एक केळं. कॉलर म्हणजे धाकट्या नोएमीची एक झोप, तीही कोंबडी ओरडली नाही तर. आणि पोयेरा, म्हणजे आमच्या बायकांचा तो चुण्याचुण्यांचा घेरदार घागरा, तो अकरा रडण्यांचा. त्यात आठ त्यांची, तीन माझी.

सदर मशीन मी थोरली दायसी हिला देतो. तिचे पाय पायडलला पोचेपर्यंत ते निएवेसच्या ताब्यात राहील. ते कोणीही, म्हणजे दोन्या सातुर्निना यांनी, विकू नये, गहाण टाकू नये, वर कुंड्या ठेवू नयेत.

कलम तिसरं. मोठी कात्री. ती छताच्या हुकातून दोरीने टांगलेली आहे, दोरी ओढली की खाली येते, सोडली की पोरांच्या हाताबाहेर जाते. ही युक्ती माझी आहे आणि शेजारच्या शिंप्याने ती स्वतःची म्हणून सांगितली आहे. कात्री निएवेसला. दोरी शेजाऱ्याला, त्याने तिचं काय करायचं ते करावं.

कलम चौथं. बटणांचा डबा एवेरला, वय चार. अट एकच, बटणं गिळायची नाहीत. मागे त्याने निळा खडू खाल्ला होता आणि दोन दिवस आम्ही सगळे घाबरून निळ्या रंगाची वाट पाहत होतो. रंग आला. तेव्हा कुठे आम्ही जेवलो. खडूचा उरलेला तुकडा त्यालाच द्यावा, पण तो मिशीचा झाल्यावर.

कलम पाचवं, पगार. तो मी दर महिन्याला निएवेसकडे पाठवला आहे, वाटायला काही नाही. औरेलियोकाका म्हणतात, तरी कलम असू दे, नसलं तर लोकांना वाटतं लपवलंय.

कलम सहावं. हे लिहायला मी तीन वेळा पेन ठेवलं. एकदा चहा आणला, एकदा स्वयंपाकघरातल्या ग्लादिसबाईंच्या जाकिटाची चेन उसवून ठेवली, एकदा उगीच बाहेर जाऊन डोंगर पाहून आलो. इथेही लोक माझ्याकडे फाटकं घेऊन येतात. खाणीत लोखंडी पाइप वाहायला आलेला माणूस मी, पण अख्ख्या छावणीच्या चमकत्या जाकिटांचे खिसे माझ्या हातचे आहेत.

तर, जूनमधल्या मोठ्या मिरवणुकीसाठी सासूबाईंच्या नाचाच्या गटाच्या तीस पोयेरा मला शिवायला मिळाल्या होत्या. घागरे आमच्याकडे पुरुषच शिवतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण दुकानात, गळ्यात टेप घालून. गळ्यात टेप आणि पाठीवर पोर, हे सासूबाईंना पटत नसे. तरी काम त्यांनी मला दिलं, कारण रंग घराबाहेर जायला नको होता. कोणता गट कोणत्या रंगात उतरणार हे त्या दिवसापर्यंत नवऱ्यालाही सांगत नाहीत. रंग फुटला म्हणजे अब्रू गेली. सासूबाईंनी मला देव्हाऱ्यासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. रंग होता पिकल्या पपईत दूध घातल्यावर होतो तसा. चार महिने माझ्याच खिडकीला मी चादर लावून शिवलं.

मिरवणुकीच्या दिवशी आमच्या पुढे दुसरा, सासूबाईंशी चुरस असलेला दोन्या प्रिमितिवाचा गट निघाला. पपई-दुधी. तीस त्या, तीस आमच्या, आणि दोन्ही गटांचे बँड एकाच वेळी वाजायला लागले. साठ बायका एका रंगात एकमेकींत मिसळल्या. सासूबाई अर्धा रस्ता चुकीच्या गटाबरोबर नाचल्या, आणि कळलं तेव्हा त्या पहिल्या रांगेत, प्रिमितिवाच्या शेजारी होत्या. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

चाळीस दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एकदम बोलल्या.

"कुठे बडबडलास, जावईबापू?"

"कोणाला एक शब्द बोललो नाही."

"मग रंगाला काय पाय फुटले?"

"मला काय माहीत?"

"पोरं गळ्यात घालून शिवणाऱ्या माणसाच्या घरातून दुसरं काय होणार? पुरुषासारखं बाहेर जाऊन काम कर, म्हणजे कळेल."

मी त्याच आठवड्यात पिशवी उचलली आणि इथे आलो. सगळ्यांना वाटलं, अपमान झाला म्हणून गेला. मीही तसंच वाटू दिलं.

आता खरं. मी शब्द बोललो नव्हतो हे खरं. पण रंगाला पाय फुटले होते, आणि ते कापडी बाहुलीचे होते. मे महिन्यात नोएमीला दात येत होते आणि दायसी सारखी "बाबा, बाबा" करत पायडलमध्ये हात घालत होती. तिला तासभर गप्प बसवायला मी चिंध्यांतून तिच्या बाहुलीला एक पोयेरा शिवून दिली. वीतभर घेराची, पण चार आडव्या दुमडी, आतून अस्तर, सगळं रीतसर. ती तिने बालवाडीत नेली. हे मला सासूबाईंच्या बोलण्याआधी दोन दिवस कळलं.

"बाईंना खूप आवडली," दायसी म्हणाली. "बाईंच्या मावशीने फोटोपण काढला."

"मावशीचं नाव काय?"

"प्रिमितिवामावशी. ती म्हणाली, तुझ्या बाबांचा हात सोन्याचा आहे."

पोरीचं नाव सांगितलं असतं तर सहा वर्षांच्या पोरीला तीस बायकांनी जन्मभर ऐकवलं असतं. स्वतःचं सांगितलं असतं तर शपथेचं काय? मी बाहुलीचा घागरा उतरवून खिशात घातला आणि रागावलेल्या माणसासारखा निघालो. चूक पोरीची नाही. चिंधी मोकळी सोडली ती माझी. सदर घागरा मी दोन्या सातुर्निना यांना देतो. त्यांनी उलटा करून आतली टीप पाहावी. माझ्या हातची ती सगळ्यात नेटकी आहे, आणि याबद्दल वाईट वाटून घ्यायला मला जमलेलं नाही. बाकी सगळ्याबद्दल वाटतं.

कलमं संपली.

पुरवणी. कागद वाचून औरेलियोकाका म्हणाले, "झकास झालंय. आता तू गेलास की लागू."

"गेलो की म्हणजे कुठे?"

"वर."

"आणि रविवारी?"

"रविवारी तू मेलेला असशील का?"

"काका, तुम्ही म्हणालात कागदावर चढलेली वस्तू विकता येत नाही."

"त्या बाईचा नवरा मेला होता." त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "झाडू मारताना अर्धंच ऐकू येतं, पोरा."

म्हणजे मी जिवंत आहे तोवर या कागदाचा मशीनला काही उपयोग नाही. मी मुकादमाकडे जाऊन उद्याचीच सुट्टी मागितली. घरी मयत आहे म्हणालो. "कोण गेलं?" त्याने विचारलं. हातात हा कागद होता, त्यामुळे खोटं पुढे रेटता आलं नाही. "अजून कोणी नाही," म्हणालो. त्याने कागदाचं पहिलं पान वाचलं, खिडकीच्या भोकापाशी हसला आणि सही केली. पण परत आलास तर वरचा पलंग मिळेल, म्हणाला.

मग निएवेसला फोन लावला.

"येतोय. उद्याच्या ट्रकने. मशीन विकू नका."

"कोण विकतंय?"

"तुझी आई. तूच म्हणालीस."

"आईला अजून सांगायचंच राहिलंय."

"म्हणजे ती विकायचं म्हणाली नाही?"

"म्हणाली असती." मग म्हणाली, "पट्टा घेऊन ये. एवेरने मशीनचा पट्टा कापलाय, महिना झाला बंद आहे. असलं मशीन कोण घेणार होतं?"

मागे नोएमी ओरडत होती, कुठलं केळं संपलं होतं देव जाणे.

"निएवेस, मला तुझ्या आईला काही सांगायचंय. पिशवी खाली ठेवायच्या आधी, दारातच सांगीन. रंगाबद्दल आहे. ऐकून तिने परत बाहेर काढलं तर?"

"बाहुलीचं?"

"तुला माहीत होतं?"

"दायसी तीन महिने बाहुलीचा घागरा शोधतेय. सगळ्या घराला माहीत आहे."

"आईला?"

"आईला सगळ्यांच्या आधी. तुझ्या तोंडून ऐकायचं म्हणून ती थांबलीय, आणि थांबणं तिला जमत नाही, तेव्हा चार शब्द ऐकायला तयार राहा. पुढच्या वर्षीच्या पोयेरा अडल्यात. दुकानातल्या मास्तराची चुणी तिला पटत नाही."

"रंग कुठला ठरलाय?"

"ते तुला सांगायचं नाही असं ठरलंय."

तेव्हा कलम पहिलं ते पाचवं कायम. कलम सहावं मी मेल्यावर वाचायचं नसून शनिवारी जिवंत वाचून दाखवायचं आहे. वरील सर्व चीजवस्तू हयात असेपर्यंत वापरण्याचा माझा हक्क मी राखून ठेवतो, विशेषतः मशीनचा, आणि त्याच्या आजूबाजूला बांधलेल्या, टेकलेल्या व रांगणाऱ्या सर्वांचा.

हे मी समजून-उमजून, स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर वाकडं आहे, टीप सरळ असते.

सही: एफ्राइन कोल्के युह्रा

साक्षीदार पहिले: औरेलियो कोंदार्को. (मी कायद्याचा सल्ला दिलेला नाही, फक्त शब्द दिले.)

साक्षीदार दुसऱ्या: ग्लादिस वेर्गारा, स्वयंपाकघर. (वाचलेलं नाही. चेन बसवून दिल्यावर सही केली.)

ठिकाण: छावणी, खोली अकरा, खालचा पलंग
दिनांक: गुरुवार, १९ ऑक्टोबर २०२३