आईच्या हातातलं घड्याळ

विनीत,

आईला घेऊन कल्याणला हार्टच्या डॉक्टरांकडे चाललोय. तांदूळ निवडताना तिला घेरी आली. आता बरी आहे, जिना स्वतःच उतरली, खाली रिक्षात बसलीय. माझ्या इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी चार्जिंगला आहे, तेवढी काढ. वरण झालंय, जेवूनच ये.

एक सांगायचं राहिलंय. टिटवाळ्याच्या टेकडीवर मी मोटर बंद करून पॅडल मारतो, या वयातही. माझे वाढलेले ठोके तुला मोबाइलवर दिसू नयेत म्हणून तू दिलेलं घड्याळ महिनाभर आईच्या हातात बांधून जायचो.

तू रोज ओरडायचास, "बाबा, ठोके फार वाढतायत, सायकल बंद करा!" मी हसण्यावारी न्यायचो. माझे थोडेच होते ते.

बाबा